काढलेला प्रिंटर परत का उगवतो? जुना ड्रायव्हर मुळासकट काढण्याची रीत

जुना प्रिंटर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून कधीच गेलेला असतो, पण संगणकाच्या मते तो अजून घरातच असतो. ही तक्रार माझ्याकडे नातेवाइकांकडून, सोसायटीतून आणि ओळखीच्या दुकानांतून सतत येते. फोन करण्याआधी बहुतेकांनी एक गोष्ट केलेली असते: सेटिंग्जमध्ये जाऊन जुना प्रिंटर 'रिमूव्ह' केलेला असतो. काही दिवस शांततेत जातात आणि मग, "दादा, तो परत आला बघ." खाली लिहिलेलं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. घरचा संगणक धरला आहे. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका.

लक्षणं

- काढून टाकलेला प्रिंटर रीस्टार्टनंतर किंवा विंडोज अपडेटनंतर यादीत पुन्हा दिसतो.
- एकाच प्रिंटरची अनेक नावं दिसतात. मूळ नाव, मग त्यापुढे 'कॉपी १', 'कॉपी २'. छापतं त्यातलं एकच.
- प्रिंटर समोर चालू आहे, दिवा हिरवा आहे, तरी पडद्यावर 'ऑफलाइन'.
- रांगेतलं एखादं काम रद्द केलं की 'डिलीटिंग' म्हणतं आणि तासन्‌तास तसंच बसतं.
- नव्या प्रिंटरमधून पानामागून पानं निघतात, प्रत्येकावर एखाददुसरी अगम्य ओळ. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, वजाचं चिन्ह आणि १२३४५एक्स असं काहीतरी असतं.
- नव्या प्रिंटरचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं.
- ड्रायव्हर (म्हणजे प्रिंटर चालवणारा संगणकातला प्रोग्राम) काढायला जावं तर 'ड्रायव्हर सध्या वापरात आहे' असा संदेश येतो.

यातलं १२३४५एक्सवालं लक्षण सगळ्यात घाबरवणारं दिसतं, पण खरं तर तेच सगळ्यात स्पष्ट आहे. ती ओळ म्हणजे ड्रायव्हरने प्रिंटरला दिलेली सूचना असते, छापायचा मजकूर नव्हे. प्रिंटरला ती सूचना कळत नाही, म्हणून तो बिचारा ती अक्षरं समजून छापत सुटतो. प्रिंटर एक आणि ड्रायव्हर दुसऱ्याचाच, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ. कागद वाया जाऊ नये म्हणून आधी ट्रेमधला गठ्ठा बाहेर काढा, मग पुढचं बघा.

मुळात तो परत येतो कसा

विंडोजमध्ये एक प्रिंटर तीन ठिकाणी नांदतो. पहिलं ठिकाण म्हणजे सेटिंग्जमधली यादी. तिथे दिसते ती फक्त छपाईची रांग. दुसरं ठिकाण प्रिंट स्पूलर या सेवेकडे. छपाईचं सगळं काम हीच सेवा बघते आणि कोणकोणते ड्रायव्हर बसवलेले आहेत याची तिची स्वतःची यादी असते. तिसरं ठिकाण ड्रायव्हर स्टोअर. व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक ड्रायव्हरच्या फायलींची एक प्रत या कोठारात ठेवतं, म्हणजे उद्या तेच उपकरण पुन्हा जोडलं तर सीडी शोधत बसायला नको. सोय चांगली आहे, अडचणही तीच आहे. तुम्ही 'रिमूव्ह' दाबलंत तेव्हा पहिल्या ठिकाणाहून नाव गेलं. दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच. केबल पुन्हा लावली, किंवा वायफायवर तो प्रिंटर विंडोजला दिसला, की कोठारातून ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसतो.

आता, जुना ड्रायव्हर नुसता पडून असेल तर बिघडलं कुठे, असा प्रश्न कोणीतरी विचारतंच. स्पूलर ही सेवा संगणकाचे जवळजवळ सगळे अधिकार घेऊन चालते आणि ड्रायव्हरचा काही भाग तिच्याच छत्राखाली चालतो. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी याच स्पूलरमधली होती. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टला ठरलेल्या तारखेची वाट न बघता तातडीचं अपडेट काढावं लागलं, तेही विंडोज ७ सकट. कंपनीने सोडून दिलेला, वर्षानुवर्षं न बदललेला ड्रायव्हर अशा जागी बसलेला असणं बरं नाही. ज्याचा प्रिंटरच घरात नाही, त्याचा ड्रायव्हर ठेवायचं काही कारण उरत नाही.

पैसे आणि वेळ न घालवता आधी बघायच्या गोष्टी

सगळ्यात आधी प्रिंटरकडूनच एक चाचणी पान काढा, संगणक मध्ये न आणता. बहुतेक प्रिंटरवर एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की तो स्वतःचं पान छापतो. कोणतं बटण ते माहितीपुस्तिकेत असतं. हे पान नीट आलं तर प्रिंटर ठीक आहे आणि गडबड संगणकात किंवा मधल्या केबलमध्ये आहे. पान आलंच नाही, फिकट आलं, किंवा कागद अडकला, तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. तिथेच थांबा आणि प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. हे एक पान न काढता संध्याकाळभर ड्रायव्हर काढत-घालत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि शेवटी निघाला रिकामा टोनर.

दुसरं, डिफॉल्ट. सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. विंडोज १० मध्ये हेच 'डिव्हाइसेस'खाली आहे. तिथे 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय दिसेल. तो चालू असेल तर विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर स्वतःच डिफॉल्ट करतं. चुकून एकदा जुन्या नावावर प्रिंट दिली की पुढचं सगळं तिकडेच जातं आणि वाटतं, ड्रायव्हर परत आला. पर्याय बंद करा, हवा तो प्रिंटर निवडून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' करा. पुष्कळ घरांत गोष्ट इथेच संपते.

'ऑफलाइन'साठी त्याच प्रिंटरची रांग उघडा आणि मेन्यूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' यावर बरोबरची खूण आहे का ते बघा. नव्या विंडोज ११ मधल्या रांगेच्या खिडकीत हा मेन्यू नसेल तर तो भाग सोडून द्या. प्रिंटर आणि वायफायचा राउटर दोन्ही बंद करून, मिनिटभराने आधी राउटर आणि मग प्रिंटर चालू करून बघा. वायफायच्या प्रिंटरला राउटरने नवा पत्ता दिलेला असतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतं, असं फार वेळा होतं.

तिसरं, 'कॉपी १'चं प्रकरण. स्वस्तातल्या काही यूएसबी प्रिंटरांना स्वतःचा अनुक्रमांक संगणकाला सांगता येत नाही. मग विंडोज ओळख ठरवतं ती कोणत्या यूएसबी पोर्टात केबल लावली यावरून. झाडू मारताना केबल निघाली, नंतर शेजारच्या पोर्टात लागली, की विंडोजसाठी तो नवाच प्रिंटर. केबल मूळ पोर्टात लावून बघा. कोणता पोर्ट ते आठवत नसेल तर 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडून 'पोर्ट्स' टॅबवर जा. तिथे यूएसबी००१, यूएसबी००२ अशी नावं असतात. चालणाऱ्या नावापुढे जो पोर्ट आहे तोच ठेवा आणि बाकीच्या प्रती यादीतून काढा. यात ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.

चौथं, अडकलेली रांग. शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' लिहून ती खिडकी उघडा, 'प्रिंट स्पूलर' शोधा आणि 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हा फोल्डर उघडा. आतल्या फायली पुसा, फोल्डर पुसू नका. प्रत्येक अडकलेल्या कामाच्या तिथे सहसा दोन फायली असतात: एकीत छापायचा मजकूर, दुसरीत कामाची माहिती. मग परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. स्पूलर चालू असताना या फायली त्याने धरून ठेवलेल्या असतात, म्हणून आधी थांबवायचं. त्याच स्पूल फोल्डरमध्ये 'ड्रायव्हर्स' नावाचा शेजारी दिसेल. हाताने तिथलं काही पुसायचं नाही, कितीही मोह झाला तरी. फायली जातात, पण स्पूलरच्या यादीत नाव तसंच राहतं, आणि मग ते नाव सरळ मार्गाने काढणं अवघड होऊन बसतं.

एक मराठीपुरती गोष्ट. सातबारा, दाखले, किंवा जुन्या फाँटमधली पत्रिका पडद्यावर नीट दिसते पण कागदावर काने-मात्रे तुटलेले किंवा चौकोन येतात, आणि इंग्रजी पान मात्र स्वच्छ येतं. अशा वेळी अ‍ॅडोब रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून 'प्रिंट अ‍ॅज इमेज' निवडा. पान अक्षरांऐवजी चित्र म्हणून जातं, त्यामुळे ड्रायव्हरला फाँटशी झटापट करावी लागत नाही. काम झालं तर पुढचा खटाटोप सध्या टाळता येईल.

दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०x०००००११b हा आकडा आला तर तोही जुन्या ड्रायव्हरचा दोष नसतो. २०२१ च्या सप्टेंबरातल्या अपडेटनंतर हा आकडा घरोघरी दिसू लागला; दोन संगणकांतल्या अपडेटमध्ये अंतर पडलं की असं होतं. दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक नोंद शून्य करण्याचा उपाय सगळीकडे फिरतो. तो चालतो, पण जे संरक्षण त्या अपडेटने आणलं तेच बंद करून चालतो.

काढायला बसण्याआधी

इथवर येऊनही जुनं भूत जात नसेल तर आता खरोखर ड्रायव्हर काढायचा. त्याआधी तीन तयाऱ्या.

पहिली, घरात जो प्रिंटर वापरात राहणार आहे त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. हे विशेषतः जुन्या लेझर प्रिंटरवाल्यांसाठी. कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० आपल्याकडे वकिलांच्या, विमा एजंटांच्या टेबलांवर अजूनही दिसतात. या जातीच्या प्रिंटरांत पान रचण्याचं बहुतेक काम संगणकातला ड्रायव्हरच करतो. १०२० ला तर चालू झाल्यावर स्वतःचं फर्मवेअरसुद्धा, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम, संगणकाकडून घ्यावं लागतं. विंडोजसोबत येणारा सामान्य ड्रायव्हर यांना चालत नाही. शिवाय विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, तेव्हा कपाटातल्या सीडीवरचा ३२-बिट ड्रायव्हर तिथे कामाचा नाही.

याच संदर्भात एक माहिती असू द्या. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने कमी करत नेणार. पुढचा रस्ता आयपीपी नावाच्या सामायिक पद्धतीचा आहे, ज्यात नव्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. म्हणून जुन्या पण चालू प्रिंटरचा इन्स्टॉलर हाती असेल तर तो पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

दुसरी तयारी, रिस्टोअर पॉइंट. शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिहा. सी ड्राइव्हपुढे संरक्षण 'ऑफ' असेल, जे बऱ्याचदा असतं, तर आधी ते 'ऑन' करा आणि मग पॉइंट बनवा. काही विचित्र झालं तर मागे यायला वाट राहते.

तिसरी, आणि लोक हमखास विसरतात ती: प्रिंटरची यूएसबी केबल काढा आणि संगणकाचं इंटरनेट बंद करा. तुम्ही एका दाराने ड्रायव्हर काढत असताना विंडोज दुसऱ्या दाराने तो पुन्हा आणत असेल तर रात्रभर बसलात तरी काम संपणार नाही.

काढण्याचा क्रम

क्रम बदलू नका. रांग आधी, कंपनीचे प्रोग्राम नंतर, स्पूलरची यादी त्यानंतर, लपलेली उपकरणं शेवटी. वरचा माणूस खालच्याला धरून असतो, म्हणून वरून सुरुवात.

सेटिंग्जच्या यादीतून जुन्या प्रिंटरच्या सगळ्या प्रती 'रिमूव्ह' करा. 'ऑल-इन-वन' असेल तर त्याच नावाची फॅक्सची वेगळी रांग असते. ती कोणी कधी वापरलेली नसते, म्हणून नजरेतून सुटते, आणि नंतर तीच ड्रायव्हरला धरून बसते. तीही काढा.

मग 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मध्ये जाऊन जुन्या प्रिंटरचे प्रोग्राम काढा. टूलबॉक्स, स्टेटस मॉनिटर, शाई मागवण्याचा प्रोग्राम, अपडेट तपासणारा, असं एका प्रिंटरमागे बरंच लटांबर येतं. घड्याळाशेजारी बसून 'शाई संपत आली' म्हणणारा मॉनिटर ड्रायव्हरच्या फायली वापरत राहतो, म्हणून तो आधी गेला पाहिजे. नव्या प्रिंटरची कंपनी तीच असेल तर नाव आणि मॉडेल दोनदा वाचून मगच दाबा. यानंतर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलं तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे संगणक पुरता ताजा होत नाही.

रीस्टार्टनंतर ब्राउझर, वर्ड काहीही उघडू नका, कारण प्रिंटची खिडकी उघडली की तेही ड्रायव्हर उचलतात. घरातल्या दुसऱ्या कोणाचं खातं लॉगिन राहिलं असेल तर तेही साइन आउट करा. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या पानावर खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' असा दुवा असतो. सापडला नाही तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत प्रिंटयूआय हा शब्द सलग लिहा (पी, आर, आय, एन, टी, यू, आय), एक जागा सोडून स्लॅश आणि एस, पुन्हा एक जागा सोडून स्लॅश, टी आणि २. एंटर मारलं की थेट 'ड्रायव्हर्स'चा टॅब उघडतो. घरच्या संगणकांवर बहुतेक विंडोजची होम आवृत्ती असते. लेखांमध्ये सांगितलेलं 'प्रिंट मॅनेजमेंट' तिच्यात नसतं, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका.

या यादीत जुन्या प्रिंटरचं नाव दिसेल, त्यापुढे 'टाइप ३' किंवा 'टाइप ४'. टाइप ३ ही जुनी पद्धत, टाइप ४ विंडोज ८ सोबत आली. त्रास देणारे बहुतेक टाइप ३ असतात. नाव निवडून 'रिमूव्ह' दाबा. बटणं करडी दिसली तर खालचं ढालीच्या चिन्हाचं 'चेंज ड्रायव्हर सेटिंग्ज' दाबून प्रशासकाची परवानगी द्या. मग दोन पर्याय येतील. पहिला म्हणतो फक्त ड्रायव्हर काढा, दुसरा म्हणतो ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज दोन्ही काढा. दुसरा निवडा. पहिला निवडलात तर कोठारातली प्रत तशीच राहते, आणि ही सगळी कसरत त्या प्रतीसाठीच चालली आहे.

'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ', 'एक्सपीएस', 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट', 'एनहान्स्ड पॉइंट अँड प्रिंट' अशी नावं मायक्रोसॉफ्टची आहेत. ती असू द्यात.

'वापरात आहे' असं म्हणालं तर

हा टप्पा सर्वांना छळतो, म्हणून जरा सविस्तर. संदेश खोटा नसतो, कोणीतरी ड्रायव्हर खरंच धरलेला असतो.

बहुतेक वेळा धरणारा स्पूलर स्वतः असतो. 'ड्रायव्हर्स'ची खिडकी उघडी ठेवा, बाजूला 'सर्व्हिसेस' उघडा, 'प्रिंट स्पूलर'वर उजवं बटण दाबून 'रीस्टार्ट' करा आणि लगेच, खरोखर लगेच, पहिल्या खिडकीत येऊन 'रिमूव्ह' दाबा. नव्याने उठलेल्या स्पूलरने अजून तो ड्रायव्हर उचललेला नसतो, त्या फटीत तो निघतो. पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा करा. स्पूलर पूर्ण बंद ठेवून हे जमत नाही, कारण यादी त्याच्याच ताब्यात असते.

तरी अडलं तर दुसरी एखादी रांग तोच ड्रायव्हर वापरत असेल. एका कंपनीचे दोन प्रिंटर कधीकधी एकच 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर वापरतात. यादीतला प्रत्येक प्रिंटर उघडून 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'ड्रायव्हर'पुढे काय लिहिलं आहे ते वाचा. निरुपयोगी रांगेपुढे तोच निघाला तर तिथे तात्पुरता मायक्रोसॉफ्टचा एखादा ड्रायव्हर निवडून 'अप्लाय' करा, म्हणजे जुना मोकळा होतो. आणि चालू प्रिंटरच तो ड्रायव्हर वापरतोय असं निघालं, तर काढू नका. तुमचा दोषी तो नाही.

लपलेली उपकरणं

आता डिव्हाइस मॅनेजर. 'व्ह्यू' मेन्यूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. 'प्रिंट क्यूज' आणि 'प्रिंटर्स' या गटांत फिकट रंगाची नावं दिसतील. ती पूर्वी कधीतरी जोडलेली, आता नसलेली उपकरणं. जुन्या प्रिंटरची नावं एकेक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि येणाऱ्या खिडकीत ड्रायव्हरही काढण्याची चौकट असेल तर तिच्यावर खूण करा. ऑल-इन-वनचा स्कॅनर 'इमेजिंग डिव्हाइसेस'मध्ये वेगळा बसलेला असतो, त्याचा ड्रायव्हरही वेगळा. तो राहिला की नव्या प्रिंटरचं स्कॅनिंग जुन्या नावाकडे धावतं.

फिकट दिसतंय म्हणून सगळंच काढायचं नाही. 'सिस्टम डिव्हाइसेस', 'स्टोरेज कंट्रोलर्स', 'डिस्प्ले अडॅप्टर्स' या गटांकडे फिरकू नका. 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' हा विंडोजचा स्वतःचा आहे, तोही राहू दे.

एवढ्यानंतरही पॅकेज उरलं असेल तर एक आज्ञा आहे, पीएनपीयुटिल. प्रशासक म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये पी-एन-पी-यू-टी-आय-एल, जागा, स्लॅश, मग ईएनयूएम-ड्रायव्हर्स असं इंग्रजीत लिहिलं की कोठारातल्या, बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते. प्रत्येकाला ओईएम१४.आयएनएफ असं नाव असतं. खाली कंपनीचं नाव, वर्ग आणि तारीख. वर्ग 'प्रिंटर्स' आहे आणि कंपनी जुन्या प्रिंटरची आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जा. मग त्याच आज्ञेत स्लॅश ईएनयूएम-ड्रायव्हर्सच्या जागी स्लॅश डिलीट-ड्रायव्हर, ते ओईएम नाव, आणि शेवटी स्लॅश अनइन्स्टॉल लिहा. 'फोर्स' हा शब्दही जोडता येतो, पण मी तो कोणाला फोनवर सांगत नाही. ओईएममागचा आकडा एकाने चुकला तर प्रिंटरऐवजी वायफायचा ड्रायव्हर जायचा, आणि 'फोर्स' असेल तर विंडोज विचारणारही नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

रीस्टार्ट करा, इंटरनेट अजून बंदच असू द्या, यादी तपासा. नाव गेलेलं असेल तर नव्या प्रिंटरचा इन्स्टॉलर चालवा आणि केबल तो सांगेल तेव्हाच लावा. आधी लावली तर विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी बसवून मोकळं होतं. मग इंटरनेट चालू करा.

नाव इंटरनेट चालू झाल्यावर परत आलं तर ते विंडोज अपडेटमधून आलं आहे. 'अपडेट हिस्टरी'तल्या 'ड्रायव्हर अपडेट्स'मध्ये तारखेसकट दिसेल. 'ऑप्शनल अपडेट्स'मधल्या जुन्या प्रिंटरच्या नावावर खूण करू नका. सगळ्यांवर खूण करून 'डाउनलोड' दाबायची सवय पुष्कळांना असते. वायफायवरचा प्रिंटर परत येत असेल, म्हणजे जुना अजून घरात चालू आहे पण या संगणकावर नको आहे, तर 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हेट नेटवर्क'खाली नेटवर्कवरची उपकरणं आपोआप बसवण्याचा पर्याय बंद करा. या खुणेकडे कोणी बघत नाही, आणि घरच्या वायफायवर परत येणाऱ्या प्रिंटरांपैकी बरेच इथूनच येतात.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' असा एक पर्याय मिळतो. तो चालू केला की कंपन्यांचे सगळेच ड्रायव्हर बाजूला होतात आणि फक्त नव्या सामायिक पद्धतीचे प्रिंटर चालतात. अलीकडचा प्रिंटर असेल तर उत्तम. घरात २९०० सारखा जुना लेझर असेल तर मात्र हा चालू केल्यावर तो प्रिंटर दिसेनासा होईल.

कुठे थांबायचं

वरचं सगळं करूनही स्पूलर सुरू होताच बंद पडत असेल, ड्रायव्हर काढताना निळा पडदा आला असेल, किंवा पुढची पायरी रजिस्ट्रीत हात घालण्याची असेल, तर थांबा. रजिस्ट्रीत स्पूलरच्या नोंदी असतात, त्या पुसून काम होतंही. पण शेजारची नोंद गेली तर कोणताच प्रिंटर चालत नाही. ते काम समोर बसून करणाऱ्या जाणकाराला द्या. संगणक सेफ मोडमध्ये न्यायचा असेल तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी आहे का बघा. नव्या लॅपटॉपांवर डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद असते आणि बूट बदलला की ती की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा संगणक अजून त्याच्यावर असेल आणि नवा प्रिंटर बसतच नसेल, तर तंत्रज्ञाला बोलावताना विंडोज ११ बसेल का, हेही त्याच खेपेत विचारून घ्या.

जाणकार शोधताना प्रिंटर कंपनीचं नाव आणि 'हेल्पलाइन' असं इंटरनेटवर टाकून जो पहिला नंबर दिसेल तो फिरवू नका. खोटे नंबर लावून बसलेले लोक संगणकाचा ताबा दुरून मागतात आणि जुन्या ड्रायव्हरच्या नावाखाली बँक खात्यापर्यंत पोचतात. कंपनीचा नंबर प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा माहितीपुस्तिकेतून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' करणारे फुकट प्रोग्रामही नकोत. जे काढायला आपण एवढा वेळ घालवला तेच ते पुन्हा आणून ठेवतात.

तंत्रज्ञ आल्यावर त्याला या गोष्टी सांगा: प्रिंटरचं स्वतःचं पान छापतं की नाही, प्रिंट सर्व्हरच्या यादीत अजून कोणतं नाव उरलं आहे, आणि ते रीस्टार्टनंतर परत येतं की इंटरनेट चालू केल्यावर.